दाताच्या नसेला इजा झाल्यावर रोगप्रतिकारक पेशी ती बरी करतात की आणखी बिघडवतात?

तुमची कीड काढताना नस किंचित उघडी पडली, तरी डॉक्टरांनी रूट कॅनाल न करता औषध ठेवून दात बंद केला. आता आत सूज येऊन नस मरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी दंतवैद्य आहे. ही काळजी रास्त आहे, पण थोडी सूज आल्याशिवाय पल्प, म्हणजे आपण जिला नस म्हणतो तो दाताच्या आतला मऊ भाग, बरा होतच नाही.

निरोगी पल्पमध्येही मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशी या रोगप्रतिकारक पेशी कायम मुक्कामाला असतात. डेंटिन, म्हणजे पल्पभोवतीचा दाताचा कठीण थर, बनवणाऱ्या ओडोन्टोब्लास्ट पेशींना तर जंतूंचे अंश स्वतःच ओळखता येतात. त्यामुळे कीड पल्पपर्यंत पोचण्याआधीच आत हालचाल सुरू झालेली असते.

इजा झाली की सर्वांत आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. ते जंतू गिळतात, पण त्यांच्यातून सुटणारी विकरं आपल्या ऊतींनाही सोडत नाहीत. म्हणून त्यांचं काम लवकर उरकायला हवं. मेलेले न्यूट्रोफिल आणि इतर कचरा मॅक्रोफेज गिळून टाकतात, आणि मला यातला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग इथेच आहे: हा कचरा गिळता गिळता मॅक्रोफेजचं वागणं पालटतं. सूज भडकवणारे रेणू सोडणं कमी होतं, आणि टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ असे दुरुस्तीला लागणारे रेणू वाढतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पल्पमधल्या मूळपेशी जखमेकडे सरकतात, ओडोन्टोब्लास्टसारख्या होतात आणि औषधाखाली कठीण थर घालू लागतात. त्याला आम्ही डेंटिन ब्रिज म्हणतो.

मग नस मरते कधी? जंतू आत राहिले की. न्यूट्रोफिल येतच राहतात, मॅक्रोफेजना पालटायची संधी मिळत नाही, आणि चहूबाजूंनी कठीण भिंती असल्याने सुजेला पसरायला जागाही नसते.

१९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा कोरून पल्प उघडे ठेवले होते. अन्नाचे कण आत जात होते. साध्या उंदरांचे पल्प सडले. जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र त्याच उघड्या जखमेवर डेंटिनचा पूल तयार झाला. भरून यायची ताकद पल्पमध्ये असतेच, हे मी तेव्हापासून सिद्ध झालेलं मानतो.

म्हणूनच आम्ही कीड नीट काढतो, जखम निर्जंतुक करतो, एमटीएसारखं सिमेंट ठेवतो आणि वरून दात घट्ट बंद करतो. उघड्या पल्पचं रक्त काही मिनिटांत थांबलं तर आतली सूज आटोक्यात असावी असं धरतो. थांबतच नसेल तर निर्णय बदलावा लागतो.

गार लागून क्षणभर झणका आला तर घाबरू नका. पण गरम-गार लागल्यावर कळ रेंगाळत राहिली, रात्री ठणक्याने जाग आली किंवा हिरडीवर फोड आला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. काहीच दुखलं नाही तरी तपासणी आणि एक्स-रे चुकवू नका, कारण पल्प कधी कधी न दुखताही मरतो.