पेटीतली ती पट्टी वहिफणीची आहे

तुम्ही विचारलंत ती वस्तू, म्हणजे तुमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सापडलेली वीतभर चपटी पोलादी पट्टी, टोकाला तिरकी खाच, कडा बोथट. घरात कुणी तिला क्रोशाची सुई म्हणालं, कुणी पाकिटं फोडायची सुरी. माझ्या मते तो वहिफणीचा हुक आहे, म्हणजे मागाच्या फणीतून (बारीक काड्यांच्या कंगव्यातून) ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे ओढून घ्यायचं हत्यार. आजोबा सोलापुरात विणकरांच्या साखर पेठेत राहायचे म्हणून नव्हे, पट्टीच्या घडणीवरून सांगतोय.

क्रोशाच्या सुईची दांडी गोल असते, ती फणीत शिरणारच नाही. फणीचा नंबर साधारणपणे दोन इंचांतल्या घरांवरून, म्हणजे काड्यांमधल्या फटींवरून, धरतात. ४० नंबरची फणी म्हणजे इंचाला २० घरं. एका घराला जेमतेम सव्वा मिलिमीटर, त्यातही काडीची जाडी आली! म्हणून पट्टी इतकी पातळ. आणि कडांना धार असती तर सूतच कापलं गेलं असतं, त्यामुळे सुरी तर नाहीच.

या कामाला दोघं समोरासमोर बसत. मागे बसलेला एकेक धागा निवडून द्यायचा, पुढे बसलेला तो आधी वहीच्या (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून ओढायचा, मग बहुधा दोन-दोन धागे फणीच्या एकेका घरातून. एक घर चुकलं की कापडावर शेवटपर्यंत उभी रेघ. बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, संपल्यावर तोच माल काढायचा असेल तर नवे धागे जुन्यांना सांधतात, हुक लागत नाही. फणी किंवा डिझाइन बदललं की मात्र हजारो धागे पुन्हा भरायचे. फार नजरेचं काम, आणि कापड बघणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

आजोबा वहिफणी कामगारच होते, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. तुटलेला धागा भरायला विणकरही मागापाशी असा हुक ठेवतो. पेटीत तारेसारखा लांब, लाकडी मुठीचा दुसरा हुक आहे का बघा. तो वहीचा. दोन्ही सापडले तर माझा कौल वहिफणीकडे.

सोलापूरची जुनी मिल १८७७ची, म्हणून हुकही तेवढा जुना असेल, असं धरू नका. हा आकार आजही बनतो. खाचेची आतली बाजू भिंगातून तपासा. बाकी पट्टी गंजलेली आणि तिथेच गुळगुळीत असेल, तर ती सुताने झिजलीय. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, ती झीज पुसली जाईल. शिलाई मशीनचं तेल आणि मऊ फडकं पुरे.

व्हर्नियरने जाडी मोजून कळवा. जाड हुक बारीक फणीत जात नाही, त्यामुळे किती नंबरपर्यंतच्या फणीवर तो चालला असेल, हे तरी सांगता येईल.