वाचक विचारतात: न्येपीच्या दिवशी बालीत काय करायचं?

प्रश्न: मार्चमध्ये फॅमिलीसोबत बालीला जायचं ठरतंय, पण ट्रॅव्हल एजंट म्हणतोय मध्ये एक दिवस हॉटेलबाहेर पाऊल टाकता येणार नाही, एअरपोर्टपण बंद. खरंय का हे? पैसे भरून एक दिवस वाया कशाला घालवायचा, तारखा बदलू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: एजंट खरंच सांगतोय. तो दिवस न्येपीचा, म्हणजे बालीतल्या हिंदूंच्या नवीन वर्षाचा, आणि माझं ऐकाल तर तारखा अजिबात बदलू नका. वर्ष तिकडेही शकाचंच मोजतात, २०२३ मध्ये २२ मार्चला आपण शके १९४५ चा पाडवा केला आणि त्याच दिवशी तिकडे १९४५ चीच न्येपी होती! दरवर्षी असं जुळत नाही, अधिक महिन्याचा हिशोब वेगळा असल्याने २०२४ ला त्यांची ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला.

आदल्या संध्याकाळी मात्र रस्त्यावर असायलाच हवं. ओगोह-ओगोह म्हणजे राक्षसांचे अवाढव्य पुतळे निघतात, प्रत्येक वस्तीतली पोरं आधी कित्येक आठवडे खपून ते बनवतात, अगदी आपल्या मंडळाच्या पोरांसारखी. खाली बांबूंची जाळी असते, ती खांद्यावर घेऊन झांजा-ढोलांच्या गजरात चौकात आले की पुतळा गरागरा फिरवतात, भुतंखेतं गोंधळून पळावीत म्हणून, आणि नंतर बरेचसे पुतळे जाळून टाकतात.

मग सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत सगळं बेट बंद. आग-दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, बरेच जण उपासही करतात. काळ्या-पांढऱ्या चौकटीचं वस्त्र नेसलेले पेचालांग, म्हणजे गावचे पारंपरिक राखणदार, गस्त घालतात, टुरिस्ट असलात तरी परत आत पाठवतात. हॉस्पिटलं चालू असतात, हॉटेलात जेवण मिळतं, फक्त रात्री पडदे ओढून दिवे मंद ठेवायचे, आणि २०१८ पासून मोबाईल डेटाही बंद ठेवतात, त्यामुळे घरी आधीच कळवून ठेवा. मुलांना रात्री आकाश नक्की दाखवा, एवढे तारे पुण्यातून दिसणं शक्यच नाही.

प्रश्न: जावात मुस्लिम लोक महाभारताचे खेळ करतात म्हणे?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: हो, आणि मनापासून करतात. वायांग कुलित म्हणतात त्याला, म्हशीच्या चामड्याच्या कोरीव बाहुल्या, पडद्यावर सावल्या, आणि मागे गामेलान हा वाद्यवृंद वाजत असताना एकटा दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, रात्रभर सगळ्यांचे आवाज काढतो. अर्जुन, भीम आपलेच, पण पांडवांचा ढेरपोट्या सेवक सेमार हा अस्सल जावातला, मूळ महाभारतात तो नाहीच, दिसायला विदूषक पण खरा देव, आणि राजालाही सुनावतो. जावातल्या योग्यकर्ता शहरात गेलात तर सोनोबुदोयो म्युझियममध्ये छोटे प्रयोग होतात, तिथे बघा. आणि जाण्याआधी जमलं तर कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलाकारांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघून घ्या, त्यात रामायण असतं.