पूल क्यूच्या (पूल खेळायच्या काठीच्या) लाकडी बटला, म्हणजे मागच्या जाड भागाला, जास्त टिकणारं फिनिश कोणतं, वॉर्निश की पॉलियुरेथेन?

टिकाऊपणाच बघायचा असेल तर दोन्ही सोडा आणि गाडीला मारतात तो टू-के (दोन घटकांचा) क्लिअर कोट घ्या. त्यात हार्डनर मिसळलेला असतो त्यामुळे तो नुसता सुकत नाही, रासायनिकरीत्या घट्ट होतो, म्हणून हाताच्या घामाने साध्या वॉर्निशसारखा चिकट किंवा पांढरट पडत नाही. आधी लाकूड ३२० मग ४०० ग्रिटच्या सँडपेपरने घासा, छिद्रं सँडिंग सीलरने किंवा पातळ एपॉक्सीने भरा, नाहीतर कोट आत शोषला जाऊन महिन्याभरात बारीक बारीक खड्डे दिसायला लागतात. मग पातळ पातळ ३-४ कोट, आणि क्यू आडवा धरून हळूहळू फिरवत ठेवायचा, नाहीतर खालच्या बाजूला ओघळ जमतो आणि तो घासून काढण्यात जीव जातो. पूर्ण कडक झाला की १५०० आणि २००० चा ओला पेपर, शेवटी पॉलिश. हे सगळं फक्त बटसाठी हं, शाफ्टला, म्हणजे पुढच्या बारीक भागाला, जाड कोट मारलात तर बोटांमधून सरकणारच नाही, तिथे सीलरचा हलका हात आणि वॅक्स पुरे. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून गेलं तर फुफ्फुसांना घातक असं रसायन असतं, त्यामुळे बंद खोलीत साधा कापडी मास्क लावून फवारायचं अजिबात नाही.