प्रचंड पैसे मोजून फुटबॉल क्लबने स्टार स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) घ्यावा का?

घ्यावा, पण त्याला बॉल कुठे आणि कोण देणार हे आधी ठरलं असेल तरच. नुसत्या नावावर पैसे ओतू नयेत.

इंग्लंडच्या चेल्सी क्लबचंच बघा. 2021 मध्ये त्यांनी स्ट्रायकर लुकाकूसाठी सुमारे 9.75 कोटी पौंड मोजले. त्याच्या आधीच्या क्लबमध्ये, इटलीच्या इंटर मिलानमध्ये, त्याच्या जोडीला लाउतारो मार्टिनेझ असायचा आणि समोर मोकळी जागा मिळाली की लुकाकू सुसाट सुटायचा. चेल्सीत मात्र तो बचावपटूंच्या गर्दीत एकटा पडला. फेब्रुवारी 2022 मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पूर्ण 90 मिनिटं खेळून त्याचा पाय बॉलला लागला फक्त 7 वेळा, त्यातला एक तर किक-ऑफचा! इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 8 गोल झाले आणि पुढच्याच मोसमात स्वारी लोनवर (म्हणजे तात्पुरती उसनी) परत इंटरला.

याउलट मँचेस्टर सिटीने 2022 मध्ये स्ट्रायकर हालांडला आणलं तेव्हा डी ब्रॉयनासारखा पास देणारा माणूस संघात आधीच होता. रिलीज क्लॉजमुळे (ठरलेली रक्कम दिली की खेळाडूला सोडावंच लागतं, अशी करारातली अट) किंमतही 5.1 कोटी पौंडांच्या आसपासच राहिली. पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये 36 गोल ठोकले.

आणि हो, पगार विसरू नका. ट्रान्सफर फी (खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबला मोजलेली रक्कम) हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागता येते, पण पगार नियमित द्यावाच लागतो. तिशीकडे झुकलेला खेळाडू पुढे विकायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. म्हणून माझं मत: मिडफिल्ड (मधल्या फळीतले, पास देणारे खेळाडू) कच्चं असेल तर आधी तिथे पैसे घाला, स्ट्रायकर पुढच्या विंडोत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या काळात) बघू.