आखाजीनंतरची पत्रं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, खापरावर मांडे पडतात आणि दोघी बहिणींची सारख्या वयाची लेकरं एकाच सतरंजीवर बसवली जातात. मग सुरू होतं मोजमाप. हिचा चालतो, तिचा अजून नाही. सासरी परतताना लेक बिबड्यांच्या डब्यासोबत एक काळजीही बांधून नेते आणि आठवड्याभरात मला लिहिते. यंदा बापांनी आणि आजोबांनीही लिहिलंय, हे बरं झालं.

अक्का, माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. सासू-सासरे घरात अहिराणी बोलतात, आम्ही दोघं मराठी. बहिणीची मुलगी याच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान, पण इंग्रजीत रंग सांगते, वन टू टेन म्हणते. आमचा वीस-पंचवीस शब्द बोलतो, त्यातही 'आठे' (इथे), 'माले' (मला), 'भाकर' असलेच जास्त. जूनपासून प्लेग्रुपला घालायचंय. तिथल्या बाई म्हणाल्या, घरात एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल गोंधळतं. सासूबाईंना अहिराणी बंद करा असं कसं सांगू?
– एक आई, अमळनेर

सांगूच नकोस.

आधी माझी चूक ऐक. मी अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून नवी होते, १९९१ सालची गोष्ट. बोरीकाठच्या एका गावात भेटीला गेले होते. भिंतीवर पक्ष्यांचा तक्ता. अडीच वर्षांची एक पोर, केसांना चापून तेल, फ्रॉकची मागची बटणं तुटलेली. तिनं चिमणीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चिडी!" मी लगेच शहाणपणा केला. "चिडी नाही बाळा, चिमणी. म्हण, चिमणी." तिनं माझ्याकडे पाहिलं, बोट मुडपून घेतलं. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा तक्ता काढल्याबरोबर तिनं फ्रॉकचं टोक तोंडात धरलं, ते काही केल्या सोडेना. सेविका म्हणाली, तेव्हापासून ही तक्त्याकडे फिरकत नाही. तिच्या आजीनं मला दारातच गाठलं. "बाई, आमनी पोर तुमनाकडे ईसन मुकी कशी व्हई जास?" घरी म्हणे तिचं तोंड दिवसभर बंद नसायचं. त्या आजीला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीच दिलं नसेल.

आता तुझ्या मुलाचं. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. त्याचं 'माले' हाही शब्दच आहे, 'आई'सुद्धा आणि 'टाटा'सुद्धा. दोन भाषांच्या घरात मूल कधी एकाच वाक्यात दोन्ही कालवतं. त्याला गोंधळ म्हणत नाहीत. आपण नाही का 'गाडी स्टार्ट व्हई नही ऱ्हायनी' म्हणत? दोन भाषा ऐकल्यामुळे मूल बोलायला मागे पडत नाही. मागे पडत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

ते कसं शोधायचं, तर त्याच्या तोंडाआधी त्याच्या कानाकडे बघ. तो खेळात असताना मागून, पंखा बंद करून, हळू आवाजात हाक मार. टाळी वाजवू नकोस, वाऱ्यानंही मूल वळतं. वळला का? बोटानं न दाखवता, नुसतं 'आबांची चप्पल आण' म्हटलं तर आणतो का? हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का, विमान दिसलं तर तुला दाखवायला बोट वर करतो का? हे सगळं होत असेल तर निम्मी काळजी सोड. दुसरा वाढदिवस येईपर्यंत दोन शब्द जोडायला लागायला हवेत, 'दूध दे', 'आबा गया' असे. 'आबा गया' हे पूर्ण वाक्य आहे बरं का. त्यात कोण आहे आणि काय झालं, दोन्ही आलं. वन टू टेन हे पाठांतर. ते गोड आहे, बहिणीजवळ कौतुक कर, पण या दोहोंची तुलना होत नाही.

दोन वर्षं होऊनही शब्द जुळले नाहीत, किंवा आलेले शब्द जायला लागले, तर 'याचा बापही उशिराच बोलला होता' म्हणत बसू नकोस. शब्द गेले तर कुठल्याही वयात लगेच दाखवायचं. पहिली तपासणी कानाची. त्यासाठी मूल बोलतं असायची गरज नसते, झोपलेल्या तान्ह्याचीही होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तेव्हापासून आरोग्य पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, पुढची तपासणी आणि उपचार सरकारी खर्चानं होतात. सेविकेला विचार, पथक कधी येतंय. मुलाला प्लेग्रुपला घातलंस म्हणून अंगणवाडीचं दार बंद होत नाही.

सासूबाई मेथी निवडायला बसल्या की त्याला शेजारी बसव. 'देख, हाई मेथी' म्हणत त्या जे अर्धा तास बोलतात, ते मोबाइलमधली गाणी देत नाहीत, कारण मोबाइल त्याच्या 'ऊं?'ला उत्तर देत नाही. दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्ही नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आणि प्लेग्रुपच्या बाईंना सांग, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच लिहिलंय. ऐकतील असं नाही. पण सांग.

अक्का, मुलगी १३ महिन्यांची. रांगलीच नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकते. धरून उभी राहते, पण पाऊल टाकत नाही. साडूचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला. मेव्हण्यानं आखाजीला वॉकर आणून दिलाय, चाकांचा, गाणी वाजणारा. आई म्हणते घाल त्यात, पाय मोकळे होतील.
– एक वडील, देवपूर, धुळे

भाऊ, आधी आकडा देते, म्हणजे साडूला दाखवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या, त्यात आपल्या दिल्लीतल्याही, निरोगी मुलांच्या नोंदी ठेवल्या आणि २००६ साली छापल्या. आधाराशिवाय चालणं साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही आलं. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तुमची त्यातली. ढुंगणावर सरकणारी मुलं बऱ्याचदा जरा उशिराच चालतात, कारण त्यांना जायचं तिथे बसूनच पोचता येतं. घाई कशाला करतील?

वॉकर मात्र माळ्यावर टाका. त्यात बसून मूल बोटांवर ढकलत पळतं, तोल सांभाळायला शिकत नाही आणि स्वतःचे पायही त्याला दिसत नाहीत. पाय मोकळे होणं राहिलं बाजूला, चालणं लांबू शकतं. आणि आपल्याकडच्या घरांना ओटा असतो, ओट्याला पायऱ्या असतात. कॅनडानं २००४ पासून वॉकर विकण्यावरच बंदी घातली, ती पायऱ्यांवरून गडगडणाऱ्या मुलांमुळे. मी स्वतः माझ्या थोरल्याला १९८६ साली असल्याच गाडीत बसवलं होतं. भाकरी उलटायला वळले, तेवढ्यात तो उंबरा ओलांडून गाडीसकट खाली. भुवईत तीन टाके. आजही दाढी करताना आरशात ती खूण बघून म्हणतो, ही आईची भेट.

आईंची समजूत काढायची तर त्यांच्याच काळातला लाकडी पांगुळगाडा आणा. दिसायला भाऊबंद, काम उलटं. त्यात मूल बसत नाही. स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. तोही सपाट जागी, आणि कुणीतरी सोबत असतानाच. घरात अनवाणी राहू द्या. पलंगाच्या कडेनं खेळणी मांडा, म्हणजे धरून धरून सरकेल.

दीड वर्ष झालं तरी पाऊल नाही, एकच हात-पाय वापरते, किंवा पाय ताठ वा अगदीच ढिले वाटतात, तर डॉक्टरांना दाखवा. यातल्या शेवटच्या दोहोंपैकी काहीही दिसलं तर दीड वर्षाचीही वाट बघू नका.

सात महिन्यांचं बाळ आहे. आमचं शेतच केळीचं, पण सासूबाई केळं देऊ देत नाहीत. सर्दी होते म्हणतात.
– रावेर तालुका

जळगावच्या ज्या केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपल्याच घरातल्या बाळाला बंद! अगं, सर्दी विषाणूनं होते, केळ्यानं नाही. पिकलेलं केळं वाटीत चमच्यानं कुस्कर, मिक्सरला लावू नकोस, पातळही करू नकोस. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात कर. पण केळ्यावरच थांबू नकोस. सहा महिन्यांनंतर लोह कमी पडायला लागतं, म्हणून घट्ट वरण, मऊ खिचडी, शिजवून घोटलेली पालेभाजी हवी. अंगावरचं दूध चालू ठेव. मीठ-साखर वर्षाच्या आत नको. मध तर चाटवायलासुद्धा नको, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावरचं दुखणं येऊ शकतं. सासूबाईंना वाटी-चमचा त्यांच्याच हातात दे, पहिला घास त्यांनाच भरवू दे. मग बघ, सर्दीचं नावही निघणार नाही.

नातू ११ महिन्यांचा झालाय. कुलदैवत सप्तशृंगी. वर्षाच्या आत गडावर जावळ काढायची आमची रीत आहे. सूनबाई म्हणते, या उन्हात नेणार नाही. घरात अबोला आहे.
– एक आजोबा, शिरपूर

आजोबा, सूनबाईंचं बरोबर आहे आणि तुमची रीतही मोडत नाही. शिरपूरहून वणीचा गड म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस, आणि वैशाखातलं आपलं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं! नातवाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात असेल, तर मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबणं कठीण. मग असं करा. रात्री निघा, पहाटे गडावर पोचा, पायऱ्यांऐवजी ट्रॉलीनं वर जा, ऊन चढायच्या आत मामाच्या मांडीवर जावळ उरका. दुपारी गाडीत नको, तिथेच सावलीत मुक्काम करा आणि संध्याकाळी परत फिरा. आईचं दूध आणि उकळून गार केलेलं पाणी सारखं देत राहा, भूक लागायची वाट बघू नका. न्हाव्याकडून पातं तुमच्यासमोर नवं लावून घ्या. ताप किंवा जुलाब असतील तर मात्र देवीला हात जोडा आणि नवरात्रात जा. कुलदेवता तेवढं समजून घेईल, अबोला धरणार नाही.

आणि जावळ काढल्यावर केस दाट येतात म्हणून घाई असेल, तर ती सोडा. दाटपणा मुळाशी ठरलेला असतो, वस्तऱ्यानं वाढत नाही. माझ्या धाकट्याचं सासूबाईंनी हौसेनं दोनदा जावळ काढलं होतं. तो आता चाळिशीकडे झुकलाय, लग्नकार्यातसुद्धा टोपी घालून फिरतो.