ग्रीन बेला जा, पण मॅचच्या दिवशी नको

प्रश्न : ताई, आमचा मुलगा शिकागोला असतो. जुलैअखेर आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जातोय. त्याचं म्हणणं, एक वीकेंड काढून ग्रीन बे बघून येऊ, तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ प्रसिद्ध आहे. आमचे हे म्हणतात, एवढं अमेरिकेला जायचं आणि लाखभर वस्तीचं गाव बघायचं? मी शाळेत इतिहास शिकवायचे, ह्यांना खेळाचं वेड. पण अमेरिकन फुटबॉल दोघांनाही ओ की ठो कळत नाही. जावं का?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : जावं. मात्र मुलाला सांगा, वीकेंड नको, मधला वार काढ. ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा मिळाला तर फारच छान. मी मिलवॉकीत राहते, ग्रीन बे माझ्यापासून दोन तासांवर. पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणं हे माझं ठरलेलं काम आहे, म्हणून हक्काने सांगते.

आधी तुमच्या यजमानांचं शंकानिरसन. त्यांना विचारा, पाटाकडील तालमीचा फुटबॉलचा सामना लागला की अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर का लोटते? आपल्या पेठेचा संघ म्हणूनच ना? ग्रीन बे पॅकर्स हा तसाच पेठेचा संघ आहे, फक्त तो अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत लीगमध्ये खेळतो. त्या लीगमधल्या बाकीच्या ३१ संघांना कुणी ना कुणी धनाढ्य मालक आहेत. या एकालाच नाही. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या पोराने आणि जॉर्ज कॅल्हून या स्थानिक पत्रकाराने संघ काढला. लॅम्बो मांस डबाबंद करणाऱ्या ‘इंडियन पॅकिंग कंपनी’त नोकरीला होता. कंपनीने जर्सीसाठी ५०० डॉलर दिले, म्हणून नाव पॅकर्स. त्या काळी अशा लहान गावांचे बरेच संघ होते. पैसा संपला तसे ते बंद पडले, नाहीतर मोठ्या शहरांनी उचलले. ग्रीन बेवरही तीच वेळ आली, तेव्हा १९२३ मध्ये गावाने पाच-पाच डॉलरचे शेअर विकत घेऊन संघ स्वतःकडे ठेवला. पुढेही अडचण आली किंवा स्टेडियम वाढवायचं झालं की शेअर काढले. शेवटचे २०२१-२२ मध्ये. आज पाच लाखांच्या वर भागधारक आहेत.

आता गंमत ऐका. या शेअरवर लाभांश नाही. बाजारात तो विकता येत नाही. तिकिटाच्या रांगेतही त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी माझ्या शेजाऱ्यांनी त्यांचं सर्टिफिकेट दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय, लग्नाच्या फोटोपेक्षा वर. भागधारकांची वार्षिक सभा भरते तीही स्टेडियममध्येच.

म्हणून म्हणते, खेळ कळत नसेल तर लॅम्बो फील्ड या त्यांच्या स्टेडियमची मार्गदर्शकासोबतची टूर घ्या. मैदानात शिरायच्या बोगद्यापर्यंत नेतात, आतलं ‘हॉल ऑफ फेम’ दालनही बघून होतं. तिथे व्हिन्स लोम्बार्डीपुढे जरा थांबा. हा प्रशिक्षक १९५९ मध्ये आला आणि नऊ हंगामांत पाच विजेतेपदं देऊन गेला. सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, करंडक आज त्याच्याच नावाने दिला जातो. ऑगस्ट सांगितला त्याचं कारण वेगळं आहे : तेव्हा सराव शिबिर चालू असतं. गावातली पोरं आपापल्या सायकली घेऊन उभी राहतात आणि सव्वाशे-दीडशे किलोचे खेळाडू त्या चिमुकल्या सायकलींवर बसून स्टेडियमपासून सरावाच्या मैदानापर्यंत जातात. पोरगं हेल्मेट सांभाळत शेजारून पळतं. खुल्या सरावांना तिकीट नसतं. यजमानांना हे मॅचपेक्षा जास्त आवडेल, लिहून ठेवा.

मॅचच्या दिवशी मात्र लाखाच्या गावात ऐंशी हजारांचं स्टेडियम भरतं. हॉटेलं अवाच्या सवा भाव सांगतात, आसपासचे लोक घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लावू देऊन पैसे घेतात आणि तिकीट मिळालंच तर ते परवडत नाही. सीझन तिकिटांची प्रतीक्षायादी लाखाच्या पुढे आहे. मूल जन्मलं की लोक त्याचं नाव त्यात घालतात.

आता तुमच्यासाठी. गावात शिरताना फॉक्स नदी लागेल. ती उत्तरेला वाहते आणि मिशिगन सरोवराच्या एका लांबट फाट्याला मिळते. तो फाटा म्हणजेच ‘ग्रीन बे’. या नदीतून होडीने वर गेलं की एका ठिकाणी जेमतेम दोन-अडीच किलोमीटर होडी खांद्यावर वाहून न्यायची, की विस्कॉन्सिन नदी. ती थेट मिसिसिपीला मिळते. १६७३ मध्ये मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी याच वाटेने गेले. म्हणजे नदीचं हे तोंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात अर्ध्या खंडाचा बीव्हर या केसाळ पाणप्राण्याच्या कातड्यांचा व्यापार. युरोपात टोप्यांना ही लव लागायची. झाँ निकोले हा फ्रेंच माणूस १६३४ मध्येच इथे पोचला होता. फ्रेंचांमागून इंग्रज आले, आणि १८१६ मध्ये अमेरिकनांनी इथे फोर्ट हॉवर्ड बांधला.

किल्ला म्हटल्यावर पन्हाळा डोळ्यांसमोर आणू नका. सगळं लाकडाचं होतं, आणि जागेवर आता काही उरलेलं नाही. त्यातल्या इमारती नदीच्या दुसऱ्या काठी ‘हेरिटेज हिल’ या उघड्या संग्रहालयात हलवल्यात. तिथे फोर्टचं रुग्णालय आहे, सैनिकांचं स्वयंपाकघर आहे, आणि १७७६ च्या सुमाराला एका कातडी-व्यापाऱ्याने बांधलेलं ‘टँक कॉटेज’ आहे. त्या काळचे कपडे घातलेली माणसं माहिती सांगतात. मुलं त्यांना काहीबाही विचारतात, तुम्ही शिक्षकाचे प्रश्न विचारा, ती खूश होतात. आयुष्यभर पचनक्रियेचा ध्यास घेतलेले डॉक्टर विल्यम ब्यूमाँट काही काळ इथेच नेमणुकीवर होते, त्यांच्याबद्दल जरूर विचारा. उन्हाळा संपला की तिथल्या वेळा कमी होतात, तेव्हा निघण्यापूर्वी वेबसाइट बघा.

पण तेवढंच बघून परत फिरू नका. किल्ल्याच्या आतून सांगितलेली गोष्ट अर्धीच असते. नदी मूळची मेनोमिनी आणि हो-चंक या आदिवासी लोकांची. ओनाइडा हे न्यूयॉर्ककडचे आदिवासी लोक तर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकनांच्या बाजूने लढलेले. तरी तिकडच्या जमिनी हातच्या गेल्या आणि १८२० च्या दशकापासून ते इकडे येत राहिले. १८३८ च्या करारात जे मिळालं त्यातलंही बरंचसं पुढे गेलं, आणि आता ते आपलीच जमीन विकत घेऊन परत मिळवताहेत. गावाच्या पश्चिमेला त्यांचं संग्रहालय आहे, तिथे जा. स्टेडियमच्या एका दरवाजालाही ओनाइडांचं नाव आहे. सकाळी तो बघा आणि दुपारी संग्रहालय, म्हणजे संगती लागेल. मी तर म्हणेन, वेळ कमी पडला तर हेरिटेज हिलमधलं एखादं घर सोडा, हे सोडू नका.

शिकागोहून रस्ता सव्वातीनशे किलोमीटर आहे, मिलवॉकीवरून आय-४३ धरायचा. ग्रीन बेला प्रवासी रेल्वे जात नाही, गाडीच हवी. एक रात्र मुक्काम करा.

प्रश्न : ग्रीन बेला शाकाहारी माणसाने खायचं काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चीज कर्ड्‌स. ताज्या चीजचे तुकडे, दाताखाली किरकिरतात; तळलेलेही मिळतात. चीज करताना दूध घट्ट करायला रेनेट घालतात, ते कधी प्राण्यांच्या पोटातलं असतं; कोणतं वापरलंय हे कट्टर असाल तर विचारून घ्या. ‘बूया’ नावाचं मोठ्या हंड्यातलं कालवण लोक प्रेमाने पुढे करतील. त्यात कोंबडी असते, बहुधा बीफही. बाकी पिझ्झा आहेच, आणि सोबत पोळ्या-ठेचा नेला तर कुणी अडवत नाही.

प्रश्न : जावयांनी ग्रीन बेच्या डिसेंबरच्या मॅचची तिकिटं काढलीत. थंडी कितपत असते?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ३१ डिसेंबर १९६७ ची ‘आइस बोल’ मॅच उणे २५ सेल्सिअसला खेळली गेली. मैदानाखालची तापवण्याची यंत्रणा बंद पडली आणि पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या. शेवटची १३ सेकंद उरली असताना पॅकर्सचा मुख्य खेळाडू बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि पॅकर्स २१-१७ ने जिंकले. दरवेळी असं नसतं, पण उणे दहाची तयारी ठेवा. बसायला बहुतेक ठिकाणी धातूचे बाक आहेत, तेव्हा जाड उशी हवीच. पायाखाली पुठ्ठा टाका. गावकरीही टाकतात, लाजू नका. लोकरी मोजे दोन जोड, आणि बूट एक नंबर मोठे, नाहीतर दुसरा जोड आत जाणारच नाही. पिशवी पारदर्शकच लागते. आणि जावयांना सांगा, हिरवा-पिवळा सोडून दुसऱ्या संघाचा रंग तुमच्या अंगावर चढवू नका.