न बघता सही करूनही बँक फसत कशी नाही

डिजिटल नाणं म्हणजे तुम्ही निवडलेला एक नंबर आणि त्यावर बँकेची सही. सही करताना नंबर बँकेपासून झाकलेला असतो, म्हणून ते नाणं पुढे कोणी खर्चलं हे तिला कळत नाही. त्यावर देवगडच्या सदस्याने विचारलंय: बँक नाण्याचा नंबर न बघताच सही करते, तर शंभर रुपये भरून हजाराच्या नाण्यावर सही उकळली तर?

नाही उकळता येत. रक्कम नाण्यावर लिहिलेलीच नसते. सही करायची किल्ली, म्हणजे बँकेचा गुप्त आकडा, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. शंभर भरलेत की शंभराच्याच किल्लीने सही, मग आत काहीही असो. ही अंध सही संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉमने १९८२ साली मांडली. तो कार्बन लावलेल्या बंद पाकिटाचा दाखला देतो: वर सही केली की आतल्या कागदावर उमटते. मला मात्र आकडे मांडल्याशिवाय पटलं नव्हतं.

बँकेचा जाहीर आकडा ३३, जाहीर घात ३, गुप्त घात ७. तुमच्या नाण्याचा नंबर ५. मनात २ धरा. त्याचा घन ८, गुणिले ५ म्हणजे ४०, ३३ ने भागून बाकी ७. बँकेला दिसतो फक्त हा ७. ती त्याचा सातवा घात करून, ३३ ने भागून, बाकी २८ परत देते. तुम्ही २८ ला २ ने भागता: १४. आता पडताळा बघा, १४ चा घन २७४४, ३३ ने भागून बाकी ५! पुढे मालवणच्या मासेवाल्या काकीकडून ५ आणि १४ ही जोडी बँकेत आली, तर सही आपली एवढंच तिला कळतं. त्या ७ शी सांधा जुळत नाही, कारण मनातला आकडा बदलला की ७ च्या आत दुसराच नंबर बसतो.

(खरे आकडे शेकडो अंकी असतात, आणि नंबराला आधी हॅश लावतात, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या सूत्रातून घुसळून काढतात. नाहीतर दोन सह्यांचा गुणाकार करून तिसरी फुकटात.)

तेच नाणं दोनदा खपवलं तर? खर्च झालेले नंबर बँक जपून ठेवते, म्हणून काकीने घेतानाच विचारायला हवं. पावसात रेंज गेली की बोंबला. त्यावर चॉम, फियाट आणि नाओर यांनी १९८८ मध्ये तोड काढली: नाणं ऑफलाइन चालतं, पण दर वेळी खर्चताना घेणाऱ्याच्या एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं; एका उत्तरातून काही कळत नाही, दोनदा चालवलंत की दोन उत्तरं जुळवून तुमची ओळख उघडी पडते.

काकी मात्र लपत नाही, पैसे तिच्या खात्यात दिसतातच. आणि तुम्ही ७३५ काढून दहा मिनिटांत तिच्याकडे ७३५ च जमा झाले, तर गणित काय करणार? नाणी आदल्या आठवड्यातच काढून ठेवा, तीही गोल रकमेत.